टोकियो २०२५ फायनल: नीरज पाचव्या थ्रोनंतरच बाहेर कसा गेला? आठ जणांना सहा थ्रो मिळतात ना?

दुपारची_प्रेक्षक

काल दुपारी टोकियोची वर्ल्ड चॅम्पियनशिपची भालाफेक फायनल बघितली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. मी काही खेळातली जाणकार नाही, २०२१ ला ऑलिम्पिकमध्ये नीरजने गोल्ड घेतलं तेव्हापासून बघायला लागले, त्यानंतर मात्र एकही मोठी फायनल सोडलेली नाही. काल तर तेच स्टेडियम होतं जिथे त्याने ८७.५८ मीटर भाला टाकला होता, त्यामुळे आम्ही सगळे अगदी वेळ काढून टीव्हीसमोर बसलो होतो.

मला जे कळलं नाही ते विचारते, माहीतगारांनी सांगा प्लीज.

एक म्हणजे पाचवा थ्रो फाउल झाल्यावर तो एकदम बाहेरच. आठव्या नंबरवर होता ना? मला पक्कं आठवतंय की टॉप आठ जणांना सहाच्या सहा थ्रो मिळतात, पॅरिस ऑलिम्पिकला त्याला सहा मिळालेच होते की. मग काल काय झालं?

दुसरं, मे महिन्यात दोहाला त्याने ९०.२३ टाकला आणि काल बेस्ट ८४.०३. चार महिन्यात सहा मीटर कसे जातात? घरात लगेच सुरू झालं की प्रेशर झेपलं नाही, डोक्यात हवा गेली, जाहिराती फार करतो. मला ते ऐकून फार वाईट वाटलं आणि उत्तर द्यायला माझ्याकडे काही माहिती नव्हती.

आणि तिसरा प्रश्न लेकीचा आहे, ती बारा वर्षांची आहे. एकाचा भाला जमिनीत रुतला नाही, नुसता आडवा होऊन घसरत गेला तरी पांढरा झेंडा दाखवला, म्हणजे थ्रो धरला. ती म्हणते भाला रुतायला पाहिजे ना? मला सांगता आलं नाही.

मैदानाची_ओढ

ताई तुमची आठवण बरोबर आहे, नियमच बदललाय. पॅरिसपर्यंत असं होतं की बारा जण फायनलला, तीन थ्रोनंतर टॉप आठ राहणार आणि त्या आठांना अजून तीन तीन. या वर्ल्ड्सला प्रत्येक राउंडला गाळणी लावलीये. तीन थ्रोनंतर दहा जण राहतात, चौथ्यानंतर आठ, पाचव्यानंतर फक्त सहा. सहावा थ्रो फक्त त्या सहा जणांना. नीरज पाचव्यानंतर आठवा होता म्हणून त्याचा सहावा थ्रो झालाच नाही. अर्शद नदीम बघा, पॅरिसचा गोल्डवाला, ९२.९७ चा ऑलिम्पिक रेकॉर्ड त्याच्या नावावर, तो ८२.७५ वर अडकला आणि चौथ्या थ्रोनंतरच दहाव्या नंबरवर बाहेर पडला.

मला स्वतःला हा नियम अजिबात आवडलेला नाही. टीव्हीवर बघायला थरार वाढतो हे मान्य, पण भालाफेकीत शेवटच्या थ्रोला पारडं फिरतं ही तर या खेळाची गंमत आहे, आणि जो माणूस हळूहळू लयीत येतो त्याच्या हातातून एक अख्खा चान्स काढून घेतलात तुम्ही.

अजून एक, क्वालिफायिंगचं अंतर फायनलला धरत नाहीत, पाटी कोरी होते. अँडरसन पीटर्सने आदल्या दिवशी क्वालिफायिंगला ८९.५३ टाकला होता. काल केशॉर्न वॉलकॉटने गोल्ड घेतलं ते ८८.१६ वर. म्हणजे पीटर्सचा आदल्या दिवशीचा थ्रो फायनलला पडला असता तर गोल्ड त्याचं होतं, पण काल त्याचा बेस्ट ८७.३८ आणि मिळालं सिल्व्हर. एका रात्रीत दोन मीटर इकडचे तिकडे होतात या खेळात, तेही दोन वेळच्या वर्ल्ड चॅम्पियनचे.

डावा_पाय

मी युनिव्हर्सिटी लेव्हलपर्यंत सहा वर्षं भाला टाकलाय, माझा बेस्ट या लोकांच्या जवळपासही नाही, पण अंगाला काय होतं ते मला माहितीये म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं लिहितो. जरा लांबेल.

सगळ्यांना वाटतं भाला हाताने टाकतात. हात सगळ्यात शेवटी येतो हो. उजव्या हाताचा थ्रोअर असेल तर सगळा खेळ डाव्या पायाचा आहे. तुम्ही पळत येता, शेवटची चार-पाच पावलं तिरकी, क्रॉस टाकत, भाला मागे पूर्ण ताणलेला, आणि मग शेवटचा डावा पाय पुढे टाच रोवून असा टाकायचा की गुडघा वाकलाच नाही पाहिजे. याला ब्लॉक म्हणतात. पळत्या गाडीला कचकन ब्रेक मारला की आतला माणूस पुढे फेकला जातो ना, तसं खालचं शरीर थांबतं आणि वरचं झेपावतं. आधी कंबर फिरते, मग छाती पुढे येते, खांदा, कोपर, सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. त्या क्षणाला टाचेपासून हातापर्यंत शरीराचं धनुष्य झालेलं असतं आणि त्या धनुष्याची कांब म्हणजे पाठ, कमरेचा भाग. ८०० ग्रॅमचा भाला ताशी शंभर किलोमीटरच्या वर स्पीडने हातातून सुटतो तो यामुळे.

आता काल नीरज पाठीचं दुखणं घेऊन उतरला होता. त्यानेच फायनल झाल्यावर सांगितलं, आधी बोलला नाही. पाठ धरलेली असताना ब्लॉक मारणं म्हणजे काय ते मी एकदाच अनुभवलंय. डोकं सांगत असतं पाय सरळ ठेव, आणि पाय रोवायच्या बरोबर आधी शरीर आपोआप स्वतःला वाचवतं, गुडघा किंचित मऊ पडतो. बघणाऱ्याला कळतही नाही. पण गुडघा मऊ पडला की तो झटका वर पोचतच नाही, मधेच जिरतो, आणि मग तुम्ही हाताने ओढून कसर भरायला जाता तर भाला वाकडा सुटतो. काल त्याचे थ्रो बघा, ८३.६५, ८४.०३, फाउल, ८२.८६, फाउल. पाठ साथ देत नसताना तीन वेळा ८२ च्या वर टाकलाय त्या माणसाने. २०१२ ला लंडन ऑलिम्पिकचं गोल्ड ८४.५८ ला गेलं होतं, आणि ते घेणारा १९ वर्षांचा पोरगा म्हणजे हाच कालचा वॉलकॉट!

त्यामुळे डोक्यात हवा वगैरे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की त्याची कंबर दुखत होती आणि हा खेळ कमरेचा आहे.

अजून एक गोष्ट. भाला सुटताना अँगल ३२ ते ३६ अंशांच्या आसपास असतो. नुसता तो धरून भागत नाही, भाल्याचं टोकही त्याच रेषेत असावं लागतं. टोक जरा वर राहिलं की भाल्याच्या पोटाला हवा लागते, तो वर चढतो आणि मधेच मेल्यासारखा खाली येतो. हे सगळं कमरेच्या वेळेवर फिरण्यावर ठरतं. ग्रिपची दोरी तळहातात तिरकी बसवलेली असते, सुटताना ती बोटाच्या शेवटच्या पेरावरून सरकत जाते, आणि चांगला थ्रो गेला की तो बघायच्या आधी बोटाला कळतो. खराब गेलेलाही कळतो. काल चौथ्या थ्रोला सुटल्या सुटल्या त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं की त्यालाही कळलंय.

दुपारची_प्रेक्षक

@डावा_पाय तुमचं सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. जाहिरातीवाले गप्प बसले. मनापासून थँक्यू.

आता एक विचारू का, हे फाउल नक्की कशाने होतात? आणि पॅरिसला मी बघितलं होतं, भाला पडायच्या आधीच नीरज चालत लाईनच्या पलीकडे गेला. मला वाटलं मुद्दाम करतोय. असं का करतात?

पांढरा_झेंडा

मी स्पर्धांना ऑफिशियल म्हणून उभा राहतो, थ्रो इव्हेंटला जास्त, त्यामुळे हा आणि लेकीचा प्रश्न माझा.

आधी लेकीचा. भाला रुतायची सक्ती नाही. नियम एवढाच की जमिनीला पहिला स्पर्श पुढच्या धातूच्या टोकाचा झाला पाहिजे. त्यानंतर तो आडवा पडो, घसरो, उलटा होवो, चालतं. जिथे टोक पहिल्यांदा टेकलं त्या खुणेपासून मोजायचं. शेपूट किंवा पोट आधी टेकलं तर लाल झेंडा. टीव्हीवर वरून बघताना आडवा पडल्यासारखाच दिसतो, पण सेक्टरमध्ये, म्हणजे भाला पडायच्या आखलेल्या जागेत, उभ्या असलेल्या माणसाला खाली वाकून बघितलं की गवतावर टोकाची बारीक चीर दिसते, पुढे घसरल्याचा पट्टा असतो तो वेगळा. ती चीर सापडली की पांढरा. मी ओल्या गवतात गुडघ्यावर बसून ती चीर शोधलेली आहे, थ्रोअर तिकडे श्वास रोखून उभा असतो आणि तुमच्यावर सगळ्यांचे डोळे असतात. फार जबाबदारीचं काम आहे ते.

मोजणी खालच्या सेंटिमीटरला होते, वर राउंड करत नाहीत. आणि दोघांचा बेस्ट सारखा निघाला तर दुसरा बेस्ट बघतात.

आता फाउल. धावपट्टी चार मीटर रुंद, शेवटी पांढरी कमान असते. ती कमान किंवा बाजूच्या रेषा, किंवा त्यांच्या पलीकडची जमीन, कुठेही अंग टेकलं की फाउल. सेक्टरच्या बाहेर भाला पडला की फाउल. भाला खांद्याच्या वरूनच गेला पाहिजे, गोफणीसारखा फिरवून टाकता येत नाही. आणि थ्रो झाल्यावर भाला जमिनीला टेकेपर्यंत धावपट्टी सोडायची नाही, आणि सोडताना कमानीच्या मागूनच सोडायची.

तर मुद्दाम चालत जाणं म्हणजे ही शेवटची गोष्ट. थ्रोअरला कळलेलं असतं की हा फुसका गेलाय, तो मोजूच नये म्हणून कमान ओलांडतो. नियमाने बघितलं तर छोटा थ्रो मोजला गेल्याने काहीही नुकसान नसतं, बेस्टच धरतात, उलट टाय झाला तर दुसरा बेस्ट कामाला येतो. पण तो आकडा बोर्डावर नको असतो, मनातून तो थ्रो पुसून टाकायचा असतो. पॅरिसला नीरजचे सहापैकी पाच फाउल होते, एकच धरला गेला, ८९.४५, आणि त्या एकावर सिल्व्हर. फक्त पहिल्या तीन थ्रोमध्ये ही चैन परवडत नाही, तिन्ही फाउल गेले तर नंबरच लागत नाही.

डावा_पाय

यात थोडी भर. नीरजचे खरे फाउल, म्हणजे मुद्दाम नसलेले, कशाने होतात तर त्याची थ्रोनंतरची झेप. तो सगळा वेग भाल्याच्या मागे ओततो आणि स्वतः पुढे हातांवर पडतो, बघितलं असेल तुम्ही. एवढं पुढे जाणाऱ्या माणसाला ब्लॉक आणि कमान यांच्यामध्ये जागा लागते. कमानीच्या फार जवळ ब्लॉक मारला तर पडताना पलीकडे जाणार, फार मागे मारला तर तेवढं अंतर फुकट, कारण मोजतात कमानीपासून. रनअपची खूण अर्ध्या पावलाने चुकली तरी हे गणित बिघडतं.

मैदानाची_ओढ

सगळे नीरजबद्दल बोलतायत, आणि ते साहजिक आहे, पण मला कालच्या फायनलमधलं सगळ्यात मोठं काय वाटलं ते लिहायचंय. सचिन यादव.

पहिल्याच थ्रोला ८६.२७. आयुष्यातला बेस्ट, तोही वर्ल्ड फायनलला, पहिल्यांदाच उतरलेला मुलगा. त्याने काल नीरजला मागे टाकलं, अर्शदला टाकलं, यंदा झुरिकला ९१.५१ टाकलेल्या जर्मनीच्या ज्युलियन वेबरला टाकलं (तो ८६.११ वर पाचवा). ब्राँझ अमेरिकेच्या कर्टिस थॉम्पसनचं, ८६.६७. फरक ४० सेंटिमीटर. अहो भाल्याचीच लांबी २.६० ते २.७० मीटर असते, त्याच्या एक षष्ठांशही नाही हे अंतर. आणि आज सकाळपासून मी बातम्या बघतोय तर मथळा एकच, नीरज आठवा. पोराचं नाव तिसऱ्या परिच्छेदात!

उत्तर प्रदेशात बागपतजवळच्या खेकडा गावचा आहे तो, आधी क्रिकेट खेळायचा, फास्ट बॉलर. उंची बघा त्याची, खांदा बघा. क्वालिफायिंगला ८३.६७ टाकला होता, म्हणजे थेट फायनलला नेणारा ८४.५० चा मार्कही नव्हता झालेला, बारा जणांत बसला म्हणून आला. तिथून उठून दुसऱ्या दिवशी पहिल्या थ्रोला हे. माझ्या अंगावर काटा आला होता.

आपले चार जण होते यंदा या इव्हेंटला, कुठल्याही देशाचे असतात तितके जास्तीत जास्त. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. २०२३ ला बुडापेस्टला तर फायनलच्या पहिल्या सहात तीन भारतीय होते, नीरज ८८.१७ वर गोल्ड, किशोर जेना पाचवा, डी. पी. मनू सहावा. ती फायनल ज्यांनी बघितली नाही त्यांनी शोधून बघा, तिथे तर नीरजचा पहिलाच थ्रो फाउल होता.

नव्वदचा_नाद

सगळं मान्य पण एक स्पष्ट बोलतो. मला वाटतं ९० च्या मागे लागल्यामुळे हे झालं. आधी तो ८७-८८ सलग टाकायचा, कधी चुकायचा नाही, वर्षानुवर्षं पहिल्या दोनच्या खाली गेला नाही. ९० ओलांडला आणि सातत्य गेलं. नवीन कोच, नवीन टेक्निक, कशाला पाहिजे होतं? जे चालू होतं ते चालू द्यायचं.

डावा_पाय

@नव्वदचा_नाद तुमची तळमळ कळते पण मला हे पटत नाही. या २०२५ च्या सीझनला कोच कोण होता बघा, यान झेलेझनी. ९८.४८ चा वर्ल्ड रेकॉर्ड १९९६ पासून त्याच्याच नावावर आहे, जवळपास तीस वर्षं कुणी हात लावू शकलेलं नाही. त्याच्याकडे गेल्यावर पहिल्याच सीझनला ९० झाला. आणि पॅरिसला ८९.४५ टाकूनही सिल्व्हर मिळालं, मग ८८ वर थांबा असं कुठल्या तोंडाने सांगायचं त्याला?

सातत्याचं म्हणाल तर योहानेस फेटर आठवा. २०२० ला पोलंडमध्ये ९७.७६ टाकलेला माणूस. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकला सगळे म्हणत होते गोल्ड त्याचंच, बाकीच्यांनी सिल्व्हरसाठी भांडायचं. याच स्टेडियमला, याच धावपट्टीवर त्याचा ब्लॉकचा पाय सटकला, ८२.५२ वर नववा, तीन थ्रोनंतर बाहेर. ९७ टाकणारा माणूस! त्याच संध्याकाळी नीरजने गोल्ड घेतलं. तेव्हा फेटरच्या डोक्यात हवा गेली असं आपण म्हटलं नाही ना, पाय सटकला म्हटलं.

आणि उलट बाजूने वॉलकॉट. १९ व्या वर्षी ऑलिम्पिक गोल्ड, रिओला ब्राँझ, मग किती वर्षं नुसता येतो आणि जातो. तीन आठवड्यांपूर्वी झुरिकला नीरज दुसरा होता ८५.०१ वर आणि वॉलकॉट तिसरा ८४.९५ वर, सहा सेंटिमीटर मागे. काल तोच वर्ल्ड चॅम्पियन झाला, लंडननंतर १३ वर्षांनी. नीरज या फायनलला २७ चा होता.

नव्वदचा_नाद

वॉलकॉटचं माहीत नव्हतं. झुरिकचं पण विसरलो होतो. ठीक आहे, पाठ बरी होऊ दे आधी, मग बोलू.

दुपारची_प्रेक्षक

किती कळलं मला एका दिवसात. लेकीला पांढरा झेंडावाल्या काकांचं वाचून दाखवलं तर ती आता म्हणते मला भाला टाकायचाय. शाळेत थ्रोबॉल खेळते, हात चांगला आहे असं सर म्हणतात. बारा वर्षांच्या मुलीला भाला द्यावा का? वजन किती? की अजून थांबावं?

डावा_पाय

थांबू नका पण भाल्याने सुरुवातही करू नका. आधी छोटा वजनदार बॉल डोक्यावरून टाकायला शिकवा, उभं राहून, मग तीन पावलं घेऊन. डावा पाय सरळ ठेवायची सवय या वयात लागली की आयुष्यभर राहते, मला उशिरा लागली आणि माझं कोपर त्यात गेलं. हात बाजूने येऊ द्यायचा नाही, कोपर खांद्याच्या वर. पुढे अठराच्या आतल्या मुलींना ५०० ग्रॅमचा भाला असतो, मुलांना ७००, मोठ्या बायकांना ६००. पण तो हातात यायला वेळ आहे, आणि शिकवणारा माणूस समोर असल्याशिवाय नको.

पांढरा_झेंडा

आणि पहिल्या दिवशीच हे शिकवा ताई, टाकणं नंतर. टाकलेला भाला आणायला पळत जायचं नाही, सगळ्यांचे टाकून झाले की चालत जायचं. जमिनीतून काढताना मागे कुणी नाही ना बघायचं, भाला आधी उभा करायचा आणि मग सरळ वर ओढायचा. परत येताना उभा धरायचा, टोक खाली. कुणी टाकत असेल तर त्याच्या बाजूला नाही, पूर्ण मागे उभं राहायचं. शेपटाकडूनही लागतं, लोकांना वाटतं फक्त टोकाकडूनच लागतं.